लष्करातलं मराठी मत

पुण्याला कुणाच्या लग्नामुंजीला गेलो की पंगतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं मत कुणाला देता रे? शिंद्यांनाच ना?" विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. महादजी, दौलतराव, जयविलास महाल एवढं ठाऊक असतं, पुढचं ते धरून चालतात. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगतो. पंगतीत वाढपी पुढे सरकेपर्यंत हे सांगून होत नाही.

शिंद्यांना म्हणजे कोणत्या शिंद्यांना? १९८४ च्या लोकसभेला राजमाता विजयाराजे भाजपमध्ये होत्या, त्यांचे चिरंजीव माधवराव काँग्रेसचे उमेदवार होते आणि समोर भाजपकडून उभे होते अटलबिहारी वाजपेयी, ग्वाल्हेरातच जन्मलेले. मी तेव्हा अकरावीत होतो. आमचे दादा, म्हणजे वडील, जनसंघाच्या काळापासूनचे. आईचं माहेर महालाच्या नोकरीतलं. दोघं एकाच टांग्यातून मत द्यायला गेले आणि एकाच टांग्यातून परत आले. वाजपेयी हरले. त्या रात्री दादा जेवले नाहीत, आणि आईनंही स्वतःचं पान वाढून घेतलं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून 'तुमचं तर ठरलेलंच' असं कुणी म्हणालं की मला लागतं. त्याआधी १९७७ आणि १९८० ला इथून नारायणराव शेजवलकर खासदार झाले होते, मराठीच, पण महालाबाहेरचे. पुढे २०२० मध्ये माधवरावांचे चिरंजीव ज्योतिरादित्य काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले. महालाकडे बघून मत द्यायचं म्हटलं तरी आधी महाल कुठे आहे ते बघावं लागतं.

पण मला खरं सांगायचंय ते विधानसभेचं. आमचा मतदारसंघ ग्वाल्हेर दक्षिण. जुन्या लष्कराचा मोठा भाग त्यात येतो. १८१० मध्ये दौलतरावांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली, तिचंच पुढे हे गाव झालं, म्हणून नाव लष्कर. आमच्या एका गल्लीत कुशवाह आहेत, वैश्य आहेत, सिंधी आहेत, मुसलमान आहेत, आणि आम्ही. गणपतीच्या आरतीला दोन्ही पक्षांची माणसं येतात आणि दोघांनाही प्रसाद मिळतो.

२०१८ ला मतदान २८ नोव्हेंबरला होतं. त्याच आठवड्यात पुण्याला मामेबहिणीच्या मुलीचं लग्न. मतदानाच्या तारखा जाहीर झाल्या ६ ऑक्टोबरला, आणि झेलम एक्सप्रेसची तिकिटं आम्ही त्याआधीच काढून ठेवलेली. आई, मी, बायको, धाकटा भाऊ, भावजय, सगळे पुण्यात. मुलगा तर नोकरीमुळे हिंजवडीलाच राहतो, नाव मात्र लष्करच्या यादीत. म्हणजे घरची सहा मतं. त्या लग्नात मावशीनं तोच प्रश्न विचारला आणि मी हसून विषय बदलला.

१३ दिवसांनी निकाल. मध्य प्रदेशातली मोजणी मध्यरात्र उलटली तरी संपेना. २३० जागांत बहुमताला ११६ लागतात. काँग्रेस ११४ वर थांबली, भाजप १०९ वर. आणि आमच्या दक्षिणेत काँग्रेसचे प्रवीण पाठक भाजपच्या नारायणसिंह कुशवाहांपेक्षा फक्त १२१ मतांनी पुढे! भाजपच्याच माजी महापौर समीक्षा गुप्ता बंडखोरी करून अपक्ष उभ्या होत्या, त्यांनी ३० हजारांवर मतं घेतली. नोटालासुद्धा, म्हणजे 'यापैकी कुणीही नको' या बटणाला, १२१ च्या कितीतरी पट मतं पडली होती.

कोण जिंकलं याचा मला त्या दिवशी आनंदही झाला नाही, दुःखही नाही. मी आमच्या गल्लीतली न पडलेली मतं मोजायला बसलो. समोरच्या घरातल्या दोघी बहिणी बंगळुरूला. कोपऱ्यावरच्या वाड्यातली तीन मुलं पुण्याला, एक मुंबईला. आमची सहा. बोटांवर मोजत गेलो, १९ भरली. बहुतेक सगळी मराठी. अशा सात गल्ल्या धरल्या की १२१ चा आकडा मागे पडतो, आणि लष्करात अशा सात गल्ल्या शोधाव्या लागत नाहीत. ग्वाल्हेरचं मराठी मत कुठे जातं, असं पुण्याची माणसं मला विचारतात. ते पुण्यातच असतं. कोथरूडला, हिंजवडीला, तुमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. यादीत नाव इथलं, माणूस तिथला.

याचा मला राग येतो, आणि तो मी मुलावर काढलासुद्धा. "एक तर मतदानाला घरी ये, नाहीतर फॉर्म ८ भरून नाव तिकडे ने," असं त्याला स्पष्ट सांगितलं. तिकडे नेलं असतं तरी मला वाईट वाटलं नसतं. राहतो तिथल्या नळाबद्दल, रस्त्याबद्दल बोलायला त्याला जागा मिळाली असती. त्यानं नाव हलवलं नाही. "येतो" म्हणाला.

२०२३ ला दिवाळी १२ नोव्हेंबरची आणि मतदान १७ ला, शुक्रवारी. पोरं फराळाला घरी आलेली. गल्लीतली बरीचशी भाऊबिजेच्या रात्रीच स्टेशनवर गेली, रजा संपल्या होत्या. आमच्या चिरंजीवांनी तिकीट बदललं, दोन दिवस घरातूनच लॅपटॉपवर काम केलं आणि शुक्रवारी सकाळी पर्ची खिशात घालून माझ्याबरोबर रांगेत उभा राहिला. शाळेच्या ओसरीत पुढे पाऊणशे माणसं होती. तो एका शब्दानं कुरकुरला नाही.

आईचं मत मात्र काही दिवस आधीच होऊन गेलं होतं. ८० च्या पुढच्यांना त्या वर्षी घरून मत देता येत होतं. बीएलओनं, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्यानं, फॉर्म आणून दिला होता. ठरल्या दिवशी अधिकारी, एक पोलीस आणि कॅमेरावाला असे सगळे आमच्या बैठकीत आले. त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आईनं नऊवारीचा पदर सारखा केला, चष्मा पुसला, आणि आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. बराच वेळ लागला. शेवटी लिफाफ्याची कड तिनं अंगठ्यानं दोनदा दाबून चिकटवली, पोस्टात राखी टाकताना दाबायची तशी.

ती माणसं गेल्यावर भावानं विचारलं, "आई, कुणाला दिलंस?"

"तुझ्या दादांनी चाळीस वर्षांत मला हे एकदाही विचारलं नाही," ती म्हणाली.

३ डिसेंबरला ती सकाळपासून टीव्हीसमोर बसून होती. जिल्ह्यात सहापैकी तीन जागा भाजपला, तीन काँग्रेसला. दक्षिणेत तेच दोघे पुन्हा समोरासमोर होते, या खेपेला कुशवाह २,५३६ मतांनी जिंकले. मी आईच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मला काही कळलं नाही.

"आपली सहाही पडली होती ना रे?" तिनं विचारलं.

"पडली होती," मी म्हटलं.