शनिवारची हेल्पलाइन

"नोकरी, घर, मुलं सांभाळून परक्या देशात परक्या संसारांत कशाला पडतेस? एवढी प्रेरणा येते कुठून?" अमेरिकेत घरी छळ सोसणाऱ्या आपल्याकडच्या बायकांसाठी एक हेल्पलाइन आहे, तिथे मी दर शनिवारी फोन घेते. पुण्याला गेले की कुणीतरी हे विचारतंच. यंदा मावशीच्या भिशीत सगळ्यांनी मिळून घेरलं. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

प्रेरणा वगैरे काही नव्हती. मी कॅलिफोर्नियात आले ती एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरीला आलेल्या नवऱ्यामागून बायकोला मिळतो त्यावर. नवरा भला, पण बँकेचं खातं त्याचं, घराचा करार त्याच्या नावावर, मला गाडी येईना आणि नोकरीला कायद्यानेच बंदी. (२०१५ पासून काहीजणींना परवानगी मिळते, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम पुढे सरकलं असेल तर.) हा माणूस असा भला नसता तर मी कुठे गेले असते, याचा विचार तेव्हाच करून झाला होता. त्यामुळे 'मग ती निघून का जात नाही?' हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, 'मैत्री' ही संस्था १९९१ पासून हे काम करते, न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून. म्हणजे वाट पाडायचे कष्ट दुसऱ्याच बायकांनी घेतले होते.

फोन घेण्याआधीचं प्रशिक्षण ४० तासांचं. त्यात सगळ्यात जड गेलं ते सल्ला न देणं. आपल्याला! 'सोडून ये' म्हणायचं नाही आणि 'जरा सांभाळून घे' तर नाहीच नाही. आधी विचारायचं, आत्ता बोललं तर चालेल ना? मग पासपोर्ट कुणाकडे आहे? मग जमेल तशी एक पिशवी भरायची: आय-९४ची (अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीची) प्रत, लग्नाचा दाखला, मुलांच्या लसींचे कागद, औषधं, गाडीची जादा किल्ली. ती विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवायची. पुष्कळदा पिशवी भरते आणि बाई घरातच राहते. आधी जीव तुटायचा. आता पुढच्या शनिवारी तिचा फोन आला, तर तेवढंच पुरतं.

'तुला परत पाठवीन' ही ठरलेली धमकी, आणि ती अगदीच पोकळ नसते. घटस्फोट झाला की एच-४ संपतो. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल, तर १९९४च्या कायद्याने छळ सोसणाऱ्या बायकोला ग्रीन कार्डसाठी स्वतःचा अर्ज करता येतो. एच-४वालीला ती सोय नाही. पोलिसांना गुन्ह्याच्या तपासात मदत केली तर यू व्हिसा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा व्हिसा, मागता येतो, पण ते वर्षाला १०,०००च, आणि रांग वर्षानुवर्षांची. हे सगळं वकील सांगतात. मी फक्त वकिलाशी गाठ घालून देते आणि ती म्हणाली तर दुभाषी म्हणून शेजारी बसते.

"मला नाही बाई असलं ऐकवत," असं भिशीतल्या एक काकू म्हणाल्या. ऐकवत नसेल तर हिशेब लिहा, कोर्टाच्या तारखेला गाडीने सोडा, तोवर तिची पोरं खेळवा. त्यालाही माणसं कमीच पडतात.