कपाट गुण्यात, गॅरेज तिरकं

घरातल्या प्रत्येक खोलीला काहीतरी काम नेमून दिलेलं असतं. गॅरेजला तसं नाही. कागदोपत्री ते गाडीचं, पण प्रत्यक्षात तिथे राज्य चालतं अर्धवट उरलेल्या रंगाच्या डब्यांचं, हवा गेलेल्या सायकलीचं, 'कधीतरी लागेल' म्हणून जपलेल्या पाइपच्या तुकड्यांचं आणि अशा स्क्रूंचं, जे ज्या यंत्रातून निघाले ते यंत्रच आता घरात नाही. या वस्तू फेकायला मन धजत नाही आणि घरात घ्यायला कुणी देत नाही. मग एके दिवशी कुणीतरी पत्र्याच्या कपाटाचा विषय काढतं आणि आपण आयुष्यात पहिल्यांदाच पत्र्याच्या जाडीवर तावातावाने बोलायला लागतो.

जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा हिशेब उलटा असतो. आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. २४ गेज म्हणजे जेमतेम ०.६ मिलिमीटर, २० गेज ०.९ च्या आसपास, १८ गेज सुमारे १.२. ऐकायला फरक किरकोळ. पण सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे ०.६ चे १.२ झाले की जाडी दुप्पट, पण ताठपणा आठपट. हे सूत्र ठाऊक नसलं तरी अंगठ्याला कळतं. बंद दरवाजाच्या मधोमध अंगठा दाबून बघावा. पातळ पत्रा 'टप्' करून आत जातो आणि अंगठा काढला की पुन्हा 'टप्' करून बाहेर येतो. हा आवाज एकदा ऐकला की विकणाऱ्याचं पुढचं बोलणं नाही ऐकलं तरी चालतं.

तरी नुसत्या जाडीवर भाळू नये, असं माझं मत आहे. खरी गोम फळीच्या कडेत असते आणि ती बघायला फळी बाहेर काढून उलटी करावी लागते. दुकानात असं करताना जरा अवघडल्यासारखं होतं, पण करावं. कड नुसती खाली वाकवून सोडून दिली आहे, की खाली, मग आत, मग पुन्हा वर अशी मुडपून घेतली आहे? मुडपलेल्या कडेवरून बोट फिरवलं तर ते कापत नाही, हा फायदा छोटा. मोठा फायदा असा की त्या घडीमुळे पातळ पत्र्याचीही तुळई होते. पोटाखालून आणखी एक आडवी पट्टी मारलेली असली तर उत्तम. अशी फळी जाड पण सपाट पत्र्याच्या फळीला सहज मागे टाकते.

फळी किती किलो पेलते याचा आकडा कपाटावर चिकटवलेला असतो. तो आकडा वजन सगळीकडे सारखं पसरलं आहे असं धरून काढलेला असतो, आणि गॅरेजमध्ये वजन सारखं पसरून ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. रंगाची वीस लिटरची भरलेली बादली पंचवीस किलोच्या पुढे जाते आणि ती फळीच्या बरोबर मधोमधच बसते, कारण तिथून उचलायला सोपी. तेच वजन पसरून न ठेवता मध्यावर ठेवलं की फळी दीडपटीहून जास्त झुकते आणि तिच्यावरचा वाकवणारा ताण दुप्पट होतो. रुंदीचंही तसंच. तितक्याच वजनाला निम्म्या रुंदीची फळी आठ पटींनी कमी झुकते. म्हणून एका ऐसपैस कपाटापेक्षा शेजारी शेजारी दोन अरुंद कपाटं बरी. दिसायला ती तितकी भारदस्त नसतात, पण गॅरेजमध्ये भारदस्तपणा बघायला कोण येतं?

फळीच्या खोलीबद्दल तर मी हट्टीच आहे. पाऊण हात खोल फळी म्हणजे मागची रांग गेली असं समजावं. त्या रांगेतली वस्तू आपल्याकडे आहे हे आपण विसरतो, नवी आणतो, ती पुढे ठेवतो आणि जुनी आणखी मागे जाते. एका रांगेत डबे मावतील इतकी खोली पुरे. शिवाय माप घेताना गाडी आत उभी करून घ्यावं, आणि तेही तिचं दार पूर्ण उघडून. रिकाम्या गॅरेजमध्ये प्रत्येक कपाट मावतं. समोरच्या भिंतीवर उंच टांगायचं कपाट घ्यायचं असेल तर बॉनेट उघडूनही माप घ्यावं. दोन कवाडांच्या कपाटाला उघडताना प्रत्येक कवाडाच्या रुंदीइतकी जागा पुढे लागते. सरकत्या दारांना ती लागत नाही, पण त्यांत एका वेळी अर्धंच कपाट उघडतं आणि हवी असलेली वस्तू नेमकी दुसऱ्या अर्ध्यात असते.

रंगाच्या बाबतीत बहुतेक कपाटं पावडर कोटिंगची असतात. कोरडी पावडर विद्युतभारित करून पत्र्यावर फवारतात आणि मग साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात. ती वितळून अंगाला एकसंध चिकटते. हे कातडं चिवट असतं, पण अखंड आहे तोवरच. गंज मोठ्या सपाट दरवाजावर सहसा सुरू होत नाही. तो बिजागरीपाशी, भोकाच्या कडेला, पाया जिथे फरशीला घासतो तिथे सुरू होतो. आणि एकदा शिरला की रंगाखालून सरपटत जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रंगाला फोड येतात. फोड दिसला तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याला ओरखडा गेला तरी जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. त्याचा रंग राखी, रूप काहीच नाही. पण ओलसर गॅरेजला मी तोच निवडीन.

ओल येते कुठून? भिजलेली गाडी आत आली, दार बंद झालं, इंजिनाच्या उबेने पाण्याची वाफ झाली आणि रात्री हवा निवताना ती वाफ सगळ्यात आधी गार पडणाऱ्या वस्तूवर, म्हणजे पत्र्यावर, दंव होऊन बसली. कपाटाच्या दाराला वर-खाली झरोके असतात ते यासाठी. ते दिसायला बरे दिसत नाहीत म्हणून बिनझरोक्याचं कपाट घेणं मला पटत नाही. तळही जमिनीपासून चार बोटं वर हवा. फरशी धुतली जाते, खालून झाडू फिरतो, शिवाय खाली गडगडत गेलेला नट परत मिळतो.

आत काय ठेवायचं, यापेक्षा काय ठेवायचं नाही, ही यादी महत्त्वाची. फरशी साफ करायचं हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही घट्ट झाकणाचं असलं तरी त्याची वाफ निसटते आणि शेजारचे पाने, पकडी, ड्रिलची पातीही गंजून जातात. पेट्रोलचं तर नावच नको. त्याला पेट घेण्याइतकी वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही सुटते. ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि ठिणगी शोधत बसते. कपाट लोखंडी आहे म्हणून ते आगीला दाद देणार नाही, ही समजूत घातक आहे. ज्वलनशील द्रव्यांसाठी केलेली कपाटं वेगळीच असतात: दुहेरी भिंत, मधे साधारण ३८ मिलिमीटरची पोकळी, आणि आत काही सांडलं तर बाहेर वाहू नये म्हणून दाराला तळापासून पाच सेंटिमीटर उंच उंबरा. आपलं साधं कपाट त्यातलं नव्हे. फर्निचरला जवसाचं तेल लावून झाल्यावर उरलेला फडक्याचा बोळा कपाटात कोंबणारेही असतात. ते तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. चुरगळलेल्या फडक्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि काडी न ओढता ते पेट घेऊ शकतं. असं फडकं उघड्यावर, पसरून वाळवायचं.

कपाट घरी येतं ते चपट्या खोक्यातून, सुटं. जोडताना सगळे स्क्रू आधी हलकेच लावायचे, पिळायचे शेवटी. मागचा पत्रा लागेपर्यंत त्या चौकटीला स्वतःचं मत नसतं. ज्या बाजूने ढकलाल त्या बाजूला ती कलते. मग फीत घेऊन वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत मोजायचं, आणि नंतर उलट. दोन्ही कर्ण सारखे भरले की कपाट गुण्यात आलं, म्हणजे चारही कोपरे काटकोनात आले. आता पिळा.

आणि इथून खरा तमाशा सुरू होतो, कारण कपाट गुण्यात असतं, गॅरेज नसतं. गॅरेजच्या जमिनीला दाराकडे मुद्दाम उतार दिलेला असतो, पाणी बाहेर जावं म्हणून. उतार शंभराला एक असला तरी बाजूच्या भिंतीला लावलेल्या १८० सेंटिमीटरच्या रांगेत एका टोकाला १८ मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्यांना तो दिसत नाही, बिजागरीला दिसतो. कवाड आपोआप उघडतं, नाहीतर दोन कवाडांमधली फट वर बोटभर आणि खाली नाहीशी होते. लोक म्हणतात, माल खराब निघाला. माल बिचारा सरळ उभा राहायला बघत असतो. लाकडी कपाट असतं तर सुताराने दाराला चार हात रंधा मारून वेळ निभावली असती. पत्र्यापाशी ती सोय नाही. तो जमिनीचा दोष जसाच्या तसा दारावर आणून दाखवतो.

यावर उपाय म्हणजे खालचे फिरते पाय आणि पाणसळ, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची नळी. यात एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: सुरुवात जमिनीच्या सर्वांत उंच ठिकाणापासून करावी. पाय फिरवून कपाट वर उचलता येतं, जमिनीत खाली घालता येत नाही. उताराच्या टोकापासून सुरू केलं तर शेवटच्या कपाटाला जागा देण्यासाठी आधीची सगळी पुन्हा उचलावी लागतात. बुडबुडा मधे आला की शेजारची कपाटं एकमेकांना बोल्टने बांधायची, आणि मगच भिंतीला.

भिंतीला बांधणं टाळू नये. सगळे ड्रॉवर एकदम बाहेर ओढले की वजनाचा मध्य पुढे येतो आणि कपाट ओढणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतं. बटणांच्या बरोबर वर आणि खाली भोक पाडू नये, वायर बहुधा तिथूनच उभी गेलेली असते. ड्रिल लावल्यावर मी खाली पडणाऱ्या भुकटीवर नजर ठेवतो. आधी पांढुरकी, मग राखी पडते, तो गिलावा. गिलाव्यात अडकवलेला स्क्रू म्हणजे नुसतं समाधान. भुकटी लाल झाली की वीट लागली, आता पकड मिळणार. लाल होता होता परत राखी झाली आणि ड्रिल एकदम हलकं चालायला लागलं तर आपण दोन विटांमधल्या सांध्यात आहोत, बोटभर सरकून दुसरं भोक पाडावं. भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय प्लग ठोकू नये. फुंकताना डोळे मिटावेत, हे सांगायला नको, पण पहिल्या भोकाला कुणी मिटत नाही.

जड सामान खाली, रोजचं कमरेच्या उंचीला, वर्षातून एकदा लागणारं वर. इतकं तर सगळेच सांगतात. कपाटाच्या माथ्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. कारखान्यांतल्या कपाटांना कधी कधी उतरता माथा असतो, धूळ साचू नये आणि कुणी वर काही ठेवू नये म्हणून. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटली. घरात बोलून दाखवली, तर एकमताने नामंजूर झाली, कारण सपाट माथ्यावर काय काय ठेवायचं याची वाटणी कपाट यायच्या आधीच झाली होती.