बोअरचा चुरा आणि त्याची नोंद

मराठवाड्यात दर उन्हाळ्यात असंख्य बोअर घेतले जातात, आणि त्यांतून निघालेला चुरा कोणी न पाहता शिवारातच विरून जातो. आपल्या जमिनीविषयीची इतकी मोलाची माहिती अशी वाया जावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

देगलूर-बिलोलीकडचे ग्रॅनाइटी खडक आणि किनवटकडचा चुनखडक वगळला, तर हा बहुतेक प्रदेश बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला. अशा प्रत्येक थराला भूवैज्ञानिक ‘प्रवाह’ म्हणतात. प्रवाहाचा मधला भाग निबर काळा पाषाण असतो आणि त्यात सांधे किंवा भेगा नसतील, तर कितीही खोल गेले तरी तिथे पाणी मिळत नाही. माथ्याजवळ वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी बहुधा पांढरी खनिजे भरली. हाच विहीर खोदणाऱ्यांचा मांजऱ्या. तो झिजून मऊ झाला की पाणी धरतो. दोन प्रवाहांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा लागतो. तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, आणि बोअरमध्ये ढासळतोही.

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ६१७ मीटर खोल छिद्र घेऊन खडकाचे सलग नमुने काढले गेले, म्हणूनच तिथे बेसाल्टची जाडी ३३८ मीटर आहे आणि त्याखाली गाळाचा पातळ थर व मग प्राचीन स्फटिकी खडक आहे, हे आज खात्रीने सांगता येते.

बोअरच्या गाडीतून असा सलग नमुना मिळत नाही. हवेच्या दाबाने वर येणाऱ्या चुऱ्यात वरच्या थराचे कणही मिसळतात, त्यामुळे खोली अंदाजेच समजावी. तरीही प्रत्येक रॉड उतरताना चुऱ्याचा रंग, पांढऱ्या खनिजांचे कण, धुरळा ओला कधी झाला आणि केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून घालायचा पाइप) कुठवर घातले, एवढे वहीत लिहावे. इथले प्रवाह जवळजवळ आडवे असल्याने तांबडा पट्टा शेजारच्या बोअरमध्येही साधारण त्याच पातळीला सापडण्याची शक्यता असते. मात्र आपण फूट मोजतो ते जमिनीपासून, आणि जमीन चढउताराची असते. म्हणून बोअरच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंचीही त्याच पानावर नोंदवली पाहिजे.