फक्त सही हवी होती

आज एक मुलगा कॉलेज सोडायचा फॉर्म भरूनच आला. "मॅम, फक्त सही द्या." रात्री गोदामात पाळी, सकाळी आठला गणित. झोपेचं पार खोबरं!

म्हटलं, आधी बस. सत्राचा ६० टक्के काळ संपायच्या आत सगळे विषय सोडले तर पेल ग्रँटचा (कमी उत्पन्नाच्या मुलांना अमेरिकन सरकार देतं ती शिक्षणमदत) काही भाग परत जातो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी गणित तेवढं सोडलं, बाकीचे तीन ठेवले.

न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठात, क्यूनीत, २००७ला 'असाप' सुरू झालं: मुलांनी मध्येच न सोडता पदवी पुरी करावी म्हणूनचा कार्यक्रम. नियमित सल्ला, प्रवासाचा पास, पुस्तकांना मदत. प्रवेशापासून तीन वर्षांच्या आत पदवी घेणारे जवळजवळ दुप्पट झाले. तिथे सल्लागाराकडे मुलं मोजकी असतात. माझ्याकडे? जाऊ दे.

फॉर्म टेबलावरच विसरून गेलाय. पाठकोऱ्या बाजूला उद्याची यादी लिहिली.