हौद्याखालची स्टेपनी

नवी पिकअप घेणारा माणूस हौद्याची लांबी बघतो, ॲव्हरेज विचारतो, दार दोनदा उघडून आपटून बघतो. गाडी शोरूममधून निघाली की अंबाबाईला नाहीतर जोतिबाला. नारळ फुटतो, चाकाखाली लिंबं चिरडतात, चारी चाकांना हळदकुंकू लागतं. पाचवं चाक त्या वेळी हौद्याच्या पोटाखाली आडवं लटकत असतं. त्याला कुंकू लावायचं तर रस्त्यावर उताणं झोपावं लागेल, आणि नव्या शर्टात एवढी भक्ती कुणाची नसते.

मोटारीची स्टेपनी निदान डिकीत असते, पिशवी ठेवताना हाताला लागते. जीपवाले तर ती मागच्या दाराला लावून, वर कव्हर घालून मिरवतात. पिकअपची मात्र चेसिसच्या मागच्या टोकाला साखळीनं टांगलेली. नंबरप्लेटच्या आसपास एक भोक असतं, त्यातून लांब दांडा घालून फिरवला की ती हळूहळू खाली येते. कंपनीच्या पुस्तकात हे सगळं चित्रासकट दिलेलं असतं. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं, जुन्या पीयूसीच्या कागदांखाली, प्लास्टिकची पिशवी न फोडलेलं.

आमच्या दाजींची पिकअप कोल्हापूरजवळच्या केर्लीकडच्या गुऱ्हाळांवरून मार्केट यार्डात गूळ आणते. त्या रस्त्यावर हौद्याखाली टांगून राहणं म्हणजे काय, हे त्या स्टेपनीलाच विचारावं. हंगामात उसाचं पाचट उडतं, उन्हाळ्यात फुफाटा. पावसाळ्यात रेडेडोहापाशी पंचगंगा रस्त्यावर यायच्या बेतात असते आणि ‘अजून जातंय, घाला’ म्हणत लोक पाण्यातून गाड्या काढतात. हा सगळा माल साखळीच्या कड्यांत जाऊन बसतो, वाळतो आणि गंजाशी एकजीव होतो. वर एक कुलूप. स्टेपन्या चोरीला जातात म्हणून साखळीला कुलूप घालायची पद्धत आहे, आणि ती चुकीची नाही. फक्त कुलपाची किल्ली गाडीत असावी, एवढंच.

स्टेपनीचा विषय निघाला की दाजींचं उत्तर ठरलेलं: “हाय की, पाव्हणं. कंपनीनं दिल्याली हाय. अजून जिमिनीला टेकली न्हाई!” हे ते अभिमानानं सांगायचे. जमिनीला न टेकलेली वस्तू कोरीच असणार, असा त्यात हिशेब होता.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. त्या काळी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, बैलगाडीतून यायचे. लाकडी चाक, वर लोखंडी धाव, त्यामुळं पंक्चर हा शब्दच कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. हवेवर चालायची हौस सायकलीनं आणि मोटारीनं आणली. सुरुवातीच्या मोटारींचं चाक सहजासहजी निघायचंही नाही. पंक्चर झालं की रस्त्याकडेला बसून टायर उचकटायचा, ट्यूब ओढून काढायची, ठिगळ लावायचं, पुन्हा हवा मारायची. वेल्समधल्या लानेली गावातल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास ‘स्टेपनी’ नावानं जे जादा चाक विकायला आणलं, त्याला आरेच नव्हते. नुसतं कडं आणि त्यावर हवा भरलेला टायर. ते पंक्चर चाकाच्या कडेला चिमट्यांनी घट्ट बसवायचं आणि घर गाठायचं. अख्खं चाक काढून दुसरं लावायची सोय सर्रास झाली ती पुढं.

आता उलटी गंगा सुरू आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या आणि चालकासह नऊ जणांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवा उतरल्याची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल, तर स्टेपनीची सक्ती राहिली नाही. पुण्या-मुंबईच्या मोटारींना ते ठीक असेल. किटमधली चिकट दोरी खिळ्याचं भोक बुजवते; टायरची बाजू फाटली तर तिचा काही उपयोग नाही. आणि मागं गुळाचे रवे रचलेत, सौद्याची वेळ जवळ आलीय, अशा वेळी टायरची बाजूच फाटत असते, असा माझा अनुभव आहे.

दाजींचं चाक बसलं ते रजपूतवाडीच्या अलीकडं, सकाळी. मी शेजारी बसलो होतो. गाडी मागून डावीकडं ओढायला लागली होती, पण मागं माल असला की गाडी थोडी ओढतेच, असं दाजींचं मत. मग पटापट फटके मारल्यासारखा आवाज यायला लागला आणि मत बदललं.

खाली उतरून बघितलं तर टायरच्या नक्षीत एक चकचकीत, चपट्या डोक्याचा खिळा. बैलाच्या पत्रीचा, म्हणजे खुराखाली ठोकतात त्या लोखंडी पट्टीचा. हंगामात कारखान्याकडं उसाच्या बैलगाड्यांची रांग असते, पत्र्या ढिल्या होतात, खिळे डांबरावर गळतात. उद्यमनगरात लेथचा कीस टायरमध्ये घुसतो, इकडं पत्रीचे खिळे. ज्या भागात जो धंदा, त्याचं पंक्चर. मागून येणारा एक गाडीवान थांबला, वाकून खिळा निरखला आणि म्हणाला, “आमच्या बैलाचा न्हाई मालक. आमचा पत्री मारणारा असला बारका खिळा वापरतच न्हाई.” कुणी त्याला विचारलंही नव्हतं. पण थांबला, आणि शेवटपर्यंत थांबला, हे सांगायला हवं. त्याच्या गाडीलाही हवेचे टायर होते. जादा चाक मात्र नव्हतं. उसाच्या बैलगाडीला पंक्चर झालं की चाक काढून गावात न्यायचं आणि तोवर गाडी दगडांवर टेकवून बैल सोडायचे. त्या मानानं आपण सुखी, असं आम्हाला वाटलं. साधारण पाच मिनिटं.

दांडा सापडला, सीटमागं. भोकही सापडलं. कुलपाची किल्ली घरी निघाली. अक्काला फोन लावला. “घड्याळाच्या मागच्या खिळ्याला हाय, चार वर्सं झाली. म्या रोज बघत्ये, तुमी इचारलं कुठं?” भाचा मोटारसायकलवरून किल्ली घेऊन आला. ती कुलपात जाईना. मग डिझेल ओतलं, पान्ह्यानं ठोकलं, पुन्हा डिझेल ओतलं. कुलूप उघडलं तशी साखळी अडकली. दाजी दांडा फिरवतायत, गाडीवान गाडीखाली पालथा पडून स्टेपनीला हिसके देतोय आणि वरून वाळल्या चिखलाची ढेकळं त्याच्या फेट्यावर पडतायत. अखेर ती धप्पकन खाली आली खरी, पण बाहेर ओढता येईना. मागचं चाक बसल्यामुळं गाडीचं ढुंगण टेकलं होतं, आणि बाहेर यायला जेवढी फट लागते तेवढी उरली नव्हती. ज्या प्रसंगासाठी ती तिथं टांगली, त्याच प्रसंगात ती बाहेर येत नाही, ही रचना ज्यानं केली त्याला एकदा भरल्या गाडीनिशी आमच्याकडं बोलवावं म्हणतो.

जॅक लावायच्या आधी दाजींनी नट अर्धा-अर्धा फेरा ढिले करून घेतले. चाक हवेत गेल्यावर नट सोडायला जावं तर पान्ह्याबरोबर चाकच फिरतं. हे त्यांना पाठ होतं. पुढच्या चाकांना दगड लावले. रस्त्याकडेची काळी माती जॅक गिळायला लागली, तेव्हा गाडीवानानं कुठूनशी फळी आणून त्याखाली सरकवली. गाडी उचलली आणि स्टेपनी उजेडात आली.

दाजी म्हणत होते ते खरं होतं. ती जमिनीला टेकली नव्हती. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना राहिलेले. ते अजून जागच्या जागी होते. डिस्कच्या, म्हणजे टायर बसतो त्या लोखंडी चाकाच्या, भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. एका बाजूला पाचटाची गादी. आणि स्टेपनी अंगठ्यानं दाबली तर आत गेली. हवा नव्हती. टायरमधून महिन्याला एक-दोन पौंड हवा तशीही जाते, रबरच हवा सोडतं. चालत्या चाकाची आपण भरून घेतो, टांगलेल्याची भरायला कोण झोपतंय खाली?

मग कोल्हापुरात रोज दिसणारं दृश्य आम्ही केलं: भाचा पुढं, मी मागं, स्टेपनी मधे उभी, तिच्यावरून माझे हात भाच्याच्या खांद्यावर. केर्लीच्या बाजूला पंक्चरचं दुकान होतं. दुकानदारानं हवा मारली, वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, बुडाशी साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले. वॉलचं रबर चिरलं होतं. त्यानं नवा वॉल बसवला आणि फडक्यानं टायरची बाजू पुसली. ओळीनं बारीक भेगा. मग एका लांबट चौकटीतल्या चार आकड्यांवर बोट ठेवलं. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. आमच्यावर तसंच काहीतरी जुनं होतं. “दहा वर्सं झाली की कंपनीच सांगती, वापरू नका म्हणून. चालला काय, न चालला काय,” तो म्हणाला. “यार्डापतूर जावा. सावकाश.”

सावकाश गेलो. चाक बसवताना दाजींनी नट समोरासमोरचे आवळले, एक वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा, आणि शेवटी पान्ह्यावर उभं राहून. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा एकदा उतरून आवळून घेतले, कारण नव्यानं बसवलेल्या चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरच्या आत परत बघायचे असतात आणि दाजींचा एवढा धीर नव्हता. सौदे होऊन गेले होते. माल दुसऱ्या दिवसावर राहिला.

बसलेला टायर मात्र गेला. हवा नसताना भाराखाली फिरल्यामुळं तो आतून दळला होता. डिस्कवरून काढला तेव्हा आतून काळी पूड सांडली. भोक कितीही बारीक असो, असा टायर पंक्चर काढून परत घालायचा नसतो. दाजींना तो पटकन टाकवत नव्हता. “स्टेपनीला चाललं असतं की,” असं ते म्हणाले, आणि माझा सगळा वाद इथंच आहे.

आपल्याकडं पाहुण्यांसाठी चांगली गादी माळ्यावर राखून ठेवतात आणि घरचे फाटक्यावर झोपतात. टायरच्या बाबतीत नेमकं उलट. सगळ्यात वाईट टायर स्टेपनीला. नवा घेतला की तो चाकाला, चाकाचा उतरला तो स्टेपनीला, स्टेपनीचा भंगारात नाहीतर अंगणात तुळशीभोवती. म्हणजे ज्याचा उपयोग रात्री, पावसात, भरल्या गाडीखाली, आंबा घाटात व्हायचा, त्या जागेवर आपण नक्षी गेलेला, बाजूला फुगा आलेला टायर मुद्दाम निवडून बसवतो. टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटर उंचीच्या रबरी खुणा असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. किती स्टेपन्यांच्या त्या खुणा केव्हाच गुळगुळीत झालेल्या असतात. आणि पंक्चर झालेलं चाक ‘उद्या काढू’ म्हणून परत तसंच हौद्याखाली टांगणारे तर गल्लोगल्ली आहेत. खालून गोल काहीतरी दिसतंय, एवढ्यावर त्यांना झोप लागते.

टायरच्या दुकानात दाजींना आणखी एक मोह झाला. एका जीपचा उतरवलेला टायर होता, नक्षी उत्तम, डिस्कला बरोबर बसणारा, स्वस्त. दुकानदार भला होता, त्यानंच आकडा दाखवला. मापानंतर येणारा जो आकडा असतो, तो एका टायरनं किती वजन पेलायचं ते सांगतो: ९१ म्हणजे ६१५ किलो, १०० म्हणजे ८००. जीपच्या टायरचा आकडा पिकअपच्या टायरपेक्षा बराच खाली होता. माणसं नेणाऱ्या चाकावर गूळ कसा घालणार? दाजींनी हातात घेतलेला टायर खाली ठेवला.

शेवटी मागं दोन्ही नवे घेतले, कारण एका ॲक्सलवर एक नवा आणि एक झिजका असला की गाडी एकीकडं खेचते. उतरलेल्यांतला बरा, अजून नक्षी असलेला टायर स्टेपनीला. म्हातारा, केसाळ, न चाललेला टायर दुकानदारानं ठेवून घेतला. तो परत कुणाच्या गाडीला लागू नये म्हणून मी त्याच्यासमोर बाजू कापायला लावली. दाजींना ते जिवावर आलं. “कोरा हाय वो,” ते दोनदा म्हणाले. पाचही चाकं आळीपाळीनं फिरवावीत, म्हणजे स्टेपनीही रस्ता बघते, असं दुकानदारानं सुचवलं. दाजी हो म्हणाले. त्यांचा हो मला माहीत आहे.

अक्कानं मात्र हे सगळं जेवताना ऐकून घेतलं आणि उठून दिनदर्शिकेवर एक तारखेच्या चौकोनात ‘दूध बिल’च्या खाली ‘स्टेपनी हवा’ असं लिहिलं. पुढच्या महिन्याच्या पानावरही लिहिलं. किल्ली तिनं गाडीच्या किल्लीच्या कड्यातच ओवून टाकली.

“आता पाचवं चाकबी तुमच्या भैनीच्या हातात गेलं,” दाजी मला म्हणाले.

“पैली चार कुणाच्या हातात हुती म्हणायची?” अक्का आतून म्हणाली, आणि भाकरी वाढायला घेतली.