स्विफ्ट कॉपीवरचे शेवटचे दोन आकडे

नौपाड्यात आमचं छोटं सीए ऑफिस आहे आणि गेली काही वर्षं एका हेलिकॉप्टर ऑपरेटरचं ऑडिट आमच्याकडे आहे. हँगर जुहूला, अकाउंट्स मात्र वागळे इस्टेटला. त्यांची मशीन्स (हेलिकॉप्टरला तिथे सगळे मशीनच म्हणतात) समुद्रात साधारण १६० किलोमीटरवर मुंबई हायला माणसं नेतात-आणतात, उरलेल्या वेळात चार्टर, म्हणजे अख्खं मशीन भाड्याने.

त्या दिवशी एकच नोट क्लोज करायची होती, कमिटमेंट्स आणि कंटिन्जंट लायबिलिटीची. ऑर्डर दिलीय पण मशीन अजून आलं नाही ती रक्कम, आणि केस हरलो तर द्यावे लागतील ते पैसे, हे ताळेबंदात कुठेच दिसत नाही, फक्त या नोटमध्ये येतं. बरेच जण गेल्या वर्षीची ओळ उचलतात आणि आकडा बदलतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण बँकवाला कर्ज देताना हीच ओळ वाचतो.

कंपनीच्या यादीत होतं, एक हेलिकॉप्टर फर्म म्हणजे पक्की ऑर्डर, दुसरं ऑप्शन. ऑप्शन म्हणजे घ्यायचं की नाही ते अजून आपल्या हातात, त्यामुळे ते कमिटमेंटमध्ये धरत नाहीत. मीही टिक करून पुढे गेले होते.

दुपारी आमची आर्टिकल (सीएचं शिकणारी ट्रेनी) बँकेचे कागद लावत बसली होती, ती म्हणाली, "मॅडम, हे दोन्ही ॲडव्हान्स एकाच मशीनचे ना, मग नंबर वेगळा कसा?" स्विफ्टच्या कॉपीत, म्हणजे परदेशी पाठवलेल्या पैशांच्या बँकेच्या संदेशात, खाली पेमेंटच्या तपशिलात मशीनचा सिरियल नंबर टाकलेला होता, जुन्या पेमेंटला एक आणि १४ मार्चच्या पेमेंटला दुसरा, फक्त शेवटचे दोन आकडे वेगळे. खरं सांगते, मला आधी टायपिंग मिस्टेक वाटली. लेजरमध्ये तर दोन्ही एकाच खात्यात पडले होते.

कंपनीच्या सीएफओ साहेबांना, म्हणजे फायनान्सच्या प्रमुखांना, फोन लावला. "अहो मॅडम, ते अजून फायनल नाहीये, बोर्डात यायचंय."

"साहेब, पैसे तर गेलेत. ऑप्शन वापरल्याचं पत्र गेलंय का तेवढं सांगा."

ते गप्प झाले. साडेचारला मेल आला, पत्र १२ मार्चचं, ऑप्शन वापरला, दुसरं मशीन घेतोय असं स्वच्छ लिहिलेलं, आणि करारात कलम की आता माघार घेतली तर ॲडव्हान्स बुडाला. म्हणजे ३१ मार्चला दुसरं मशीनही फर्मच होतं. किंमत युरोत, ३१ मार्चच्या रेटने रुपये केले, ॲडव्हान्स वजा केला तरी ९६ कोटी उरले आणि बँकेचं कर्ज सँक्शन एकाच मशीनचं! माझ्या पोटात गोळाच आला.

मग मी कस्टम्सची फाईलही परत उघडली. २००७ साली नॉन-शेड्यूल्ड (ठरलेलं वेळापत्रक नसलेल्या) ऑपरेटरना आयातीवर ड्युटी माफ झाली, अट अशी की मशीन प्रवासी किंवा चार्टर सेवेलाच वापरायचं. आमच्या क्लायंटला नोटीस आलीये की मालकांनी स्वतःसाठी उडवलं. यादीत शेरा होता 'रिमोट', म्हणजे पैसे जायची शक्यता नगण्य, आणि एएस २९ या अकाउंटिंग स्टँडर्डप्रमाणे रिमोट असेल तर नोटमध्येही द्यावं लागत नाही. पण वकिलांच्या पत्रात रिमोट हा शब्दच नव्हता, त्यांनी लिहिलं होतं बाजू चांगली आहे पण निकाल सांगता येत नाही. जर्नी लॉग बुकच्या (प्रत्येक फेरीची नोंदवही) झेरॉक्समध्ये मालकांच्या घरच्यांच्या फेऱ्या दिसत होत्या. बिलं मात्र प्रत्येक फेरीची चार्टर रेटने फाडलेली, पैसेही आलेले, म्हणून प्रोव्हिजन करा, म्हणजे आत्ताच खर्च धरा, असं मी म्हटलं नाही, पण ड्युटीची रक्कम नोटमध्ये यायलाच हवी यावर मी अडून बसले.

साहेब थोडे चिडले. त्यांचंही समजतं, वरून प्रेशर असतं. रात्री नऊला त्यांचाच फोन आला, "मॅडम, नोट तुम्ही म्हणताय तशीच जाऊ दे, बँकेला मी उद्या स्वतः जाऊन सांगतो."

आर्टिकल तोपर्यंत थांबली होती, तिला कळव्याला जायचं होतं. जायच्या आधी तिने दोन्ही स्विफ्ट कॉपी शेजारी शेजारी लावल्या, शेवटच्या दोन आकड्यांना पेन्सिलने गोल केला आणि खाली तारीख घालून सही केली.