मनाचे श्लोक मोजताना: 'कोपल्या' आणि 'सत्य'

205 पैकी निदान पन्नास श्लोकांचा लगक्रम (कुठलं अक्षर लघू, एका मात्रेचं, आणि कुठलं गुरू, दोन मात्रांचं) या महिन्यात लावायचा होता. झाले सदतीस.

वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे चार वेळा य गण, तीन अक्षरांचा गट: ल-गा-गा (लघू-गुरू-गुरू). ओळीत 12 अक्षरं, 20 मात्रा. चाल लहानपणापासून कानात, त्यामुळे वाटलं, एक्सेलमध्ये सूत्र टाकलं की काम फत्ते. दुसऱ्याच श्लोकात गाडी अडली. 'जनी निंद्य ते सर्व सोडूनि द्यावे' ही ओळ 21 मात्रांची निघाली. सूत्राने नियम पाळला होता: पुढे जोडाक्षर, म्हणून 'नि' गुरू. पण म्हणताना 'नि'वर जोर कोण देतं? शब्द तिथे संपतो. मग शब्दाची हद्द ओलांडायची नाही, अशी अट घातली.

सत्ताविसाव्यात परत 21: 'नुपेक्षी । कदा को । पल्या दं । डधारी'. इथे 'ल्या'चा आघात 'प'वर येत नाही. म्हटलं, 'य'ची जोडाक्षरं सरसकट वगळू. तर पुढच्याच श्लोकातल्या 'हे सत्य मानी'त 'स' लघू होऊन ओळ 19 वर आली! दोन्हीकडे 'य'च, पण 'सत्य' तत्सम, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, आणि 'कोपल्या' आपलं मराठी रूप. कानाला हा फरक न शिकवता कळतो. सूत्राला मात्र अपवादांची यादी हाताने भरवतोय.

यमकाचा तक्ता त्या मानाने सोपा. दुसऱ्या श्लोकात जावे, द्यावे, करावे ही तिन्ही विध्यर्थी क्रियापदं, म्हणजे फुकटात मिळालेली यमकं. एकटं 'स्वभावे' नाम. खरी गंमत पुनरावृत्तीत आहे. 'जनी निंद्य ते सर्व' आणि 'जनी वंद्य ते सर्व' यांतल्या सात अक्षरांपैकी एकच बदलतं, तिसरं, आणि अर्थ उलटा होतो. चौथ्या ओळीच्या पोटात 'भावे' येतं तेव्हा 'स्वभावे'चा नादही परत ऐकू येतो. हे पाठ असूनही इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं.

'नुपेक्षी कदा राम दासाभिमानी' हे पालुपद येतं तिथे तिसऱ्या ओळीला '-नी'शी जुळवावं लागतं. तिसाव्यात ते 'जयाची लिळा वर्णिती लोक तीन्ही' असं जुळवलंय. वृत्तासाठी 'लीळा'ची 'लिळा' आणि 'तिन्ही'चं 'तीन्ही' झालंय. 'तीन्ही-मानी' हे यमक मला ढिलंच वाटतं, तक्त्यात 'कच्चं' अशी खूण केलीय.

आता अडतिसाव्यापासून पुढे. यादीत आत्तापर्यंत अकरा अपवाद.